कमांड लाइनवरील सहायकाला ब्राउझर जोडताना : क्लॉड कोड आणि प्लेराइट एमसीपी यांच्या जोडणीचे परीक्षण

नोंदणीचा एक अर्ज होता. सर्व रकाने भरून ‘जतन करा’ हे बटण दाबले, की पडद्यावर काहीही घडत नसे. चूक झाल्याचा संदेश येत नसे आणि यशाचाही येत नसे. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या क्लॉड कोडला, म्हणजे अँथ्रोपिकच्या कोड लिहिणाऱ्या एआय सहायकाला, मी या अर्जाचा कोड वाचायला दिला, तेव्हा बटणामागचे फंक्शन, त्यातील पडताळणी आणि सर्व्हरकडे जाणारी विनंती हे सारे पाहून, केवळ कोडवरून जे सांगता येईल ते त्याने सांगितले. दोष मात्र कोडच्या एका ओळीत नव्हता, दोन बाजूंच्या व्यवहारात होता, आणि तो व्यवहार प्रत्यक्ष घडताना पाहिल्याशिवाय सापडणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याच सहायकाला मायक्रोसॉफ्टचा प्लेराइट एमसीपी हा सर्व्हर, म्हणजे सहायकाला ब्राउझर चालवू देणारा प्रोग्राम, जोडला आणि तीच तक्रार पुन्हा मांडली. या वेळी ब्राउझरची खिडकी उघडली, अर्ज रकान्यागणिक भरला गेला, बटण दाबले गेले आणि पानाने केलेल्या नेटवर्क विनंत्यांची यादी सहायकाने मागवली. शेवटच्या विनंतीपुढे ४०० हा, विनंती सदोष असल्याचे सांगणारा स्थितिक्रमांक होता. जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने जात होती, सर्व्हरला ती वर्षापासून सुरू होणारी हवी होती, आणि आलेला नकार कोणालाही न कळवता गिळून टाकणारा कॅच-ब्लॉक (चूक झाल्यास चालणारा कोडचा भाग) मीच काही महिन्यांपूर्वी लिहून ठेवला होता.

दुरुस्ती झाल्यावर सहायकाने पान पुन्हा उघडले, अर्ज पुन्हा भरला आणि २०१ हा, नोंद तयार झाल्याचे सांगणारा क्रमांक आल्याची खात्री करूनच काम संपल्याचे सांगितले. या जोडणीचे मोल मला त्या शेवटच्या खात्रीत दिसते. कोड लिहिणारा सहायक आणि आपण लिहिलेल्या कोडचा परिणाम पाहू शकणारा सहायक यांच्या कामात फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर मिटवण्याची किंमतही आहे. गेले तीन महिने ही जोडणी मी रोज वापरत आहे. त्या वापराच्या आधारे तिचे गुण आणि तिची किंमत या दोन्हींविषयी मला लिहायचे आहे.

एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. अँथ्रोपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला आणि २०२५ च्या अखेरीस त्याची जबाबदारी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एका नव्या प्रतिष्ठानाकडे सोपवली. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये मांडलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलशी ज्यांचा परिचय आहे त्यांना याची कल्पना लगेच समजेल. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची जोडणी वेगळी लिहावी लागत असे, ती गरज त्या प्रोटोकॉलने संपवली. तोच विचार येथे एआय सहायक आणि बाहेरची साधने यांच्यासाठी केलेला आहे. सर्व्हर आपल्याकडे कोणती साधने आहेत, त्यांना कोणती माहिती पुरवावी लागते आणि ती काय करतात, हे स्वतःच सांगतो; सहायक ती यादी वाचतो आणि गरज पडेल तेव्हा साधन वापरण्याची विनंती पाठवतो. हे संदेश जेसन-आरपीसी २.० या जुन्या आणि साध्या पद्धतीने जातात. त्यामुळे एकदा लिहिलेला सर्व्हर क्लॉड कोडमध्ये चालतो, तसाच ओपनएआयच्या कोडेक्समध्ये आणि गूगलच्या जेमिनी सीएलआयमध्येही चालतो. फरक पडतो तो नोंद कोणत्या फाइलमध्ये करायची एवढ्यापुरता.

प्रत्यक्ष जोडणी एका ओळीची आहे. क्लॉड कोडच्या ‘एमसीपी अ‍ॅड’ या आज्ञेपुढे आपल्या आवडीचे नाव लिहायचे आणि त्यानंतर सर्व्हर सुरू करणारी आज्ञा द्यायची. प्लेराइटच्या बाबतीत ती नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सोबत येणाऱ्या एनपीएक्स या साधनाची आज्ञा असते. सर्व्हरच्या आज्ञेला स्वतःचे पर्याय द्यायचे असतील, तर तिच्या आधी दोन आडव्या रेघा लिहाव्यात, म्हणजे पुढचे पर्याय क्लॉड कोडसाठी नसून सर्व्हरसाठी आहेत हे स्पष्ट होते. विंडोजवर थेट काम करणाऱ्यांना एनपीएक्सच्या आधी ‘सीएमडी’ आणि ‘स्लॅश सी’ हे शब्दही लिहावे लागतात. ते राहून गेले, तर सर्व्हर जोडला गेलेला दिसतो, पण सुरू होत नाही. जोडणी झाली की नाही हे ‘एमसीपी लिस्ट’ या आज्ञेने कळते, आणि चालू संभाषणात ‘स्लॅश एमसीपी’ लिहिल्यास प्रत्येक सर्व्हरची स्थिती आणि त्याची साधने दिसतात.

नोंद कोणत्या आवाक्यात करायची हा प्रश्न बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि पुढे त्याचाच त्रास होतो, म्हणून त्यावर थोडे थांबते. क्लॉड कोडमध्ये असे तीन आवाके आहेत. काहीही न सांगता नोंद केली तर ती लोकल असते, म्हणजे फक्त आपल्यासाठी आणि फक्त त्या प्रकल्पाच्या फोल्डरपुरती. दुसऱ्या फोल्डरमध्ये गेल्यावर सर्व्हर ‘गायब’ झाल्यासारखे वाटते त्याचे कारण हेच. युजर आवाक्यातील नोंद आपल्या सर्व प्रकल्पांत लागू होते. प्रोजेक्ट आवाक्यातील नोंद प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट एमसीपी डॉट जेसन’ या नावाच्या फाइलमध्ये जाते आणि ती फाइल कोडबरोबर कमिट करता येते, त्यामुळे सहकाऱ्यांना तीच जोडणी मिळते. अशी फाइल दुसऱ्याच्या रेपॉझिटरीतून (कोडच्या साठ्यातून) आली, तर क्लॉड कोड ती वापरण्यापूर्वी परवानगी विचारतो. ही परवानगी देताना घाई करू नये, कारण या फाइलमधील आज्ञा आपल्या संगणकावर, आपल्या अधिकारांनिशी चालणार असते. गुप्त किल्ली त्या फाइलमध्ये कधीही लिहू नये. किल्लीच्या जागी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे (फाइलबाहेर, संगणकाच्या व्यवस्थेत ठेवलेल्या मूल्याचे) नाव देण्याची सोय आहे आणि तीच वापरावी.

स्वतःच्या संगणकावरील सर्व्हर स्टँडर्ड इनपुट आणि स्टँडर्ड आउटपुट यांच्या मार्गाने बोलतो. सहायक त्याला उपप्रक्रिया म्हणून सुरू करतो आणि प्रत्येक संदेश एका ओळीत जातो. या मार्गाचा एक नियम कडक आहे: प्रोटोकॉलच्या संदेशाखेरीज एक अक्षरही स्टँडर्ड आउटपुटवर जाता कामा नये. आमच्या बिल्डच्या नोंदी वाचण्यासाठी मी स्वतः एक छोटा सर्व्हर लिहिला, त्यात सवयीने ‘सर्व्हर सुरू झाला’ असे छापणारी ओळ घातली आणि जोडणी का तुटते हे शोधण्यात अर्धा दिवस घालवला. ती ओळ स्टँडर्ड एररकडे वळवल्याबरोबर सारे सुरळीत झाले. स्वतःचा सर्व्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचलेले बरे, म्हणून येथे नोंदवून ठेवते.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. प्लेराइट एमसीपी पान कसे ‘पाहतो’? पडद्याचे छायाचित्र काढून त्यातील चौकोन ओळखणे हा एक मार्ग होता, पण या सर्व्हरने तो मुख्य मार्ग मानलेला नाही. ब्राउझर प्रत्येक पानासाठी एक अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री तयार करत असतो, जिच्या आधारे दृष्टिहीन वापरकर्त्यांचे स्क्रीन रीडर पान वाचून दाखवतात. हा सर्व्हर तीच वृक्षरचना मजकुराच्या रूपात सहायकाला देतो: येथे शीर्षक आहे, येथे ‘ईमेल’ नावाचा रकाना आहे, येथे ‘जतन करा’ नावाचे बटण आहे, आणि प्रत्येक घटकाला एक संदर्भक्रमांक आहे. बटण दाबायचे असेल तेव्हा सहायक तो क्रमांक पाठवतो. पिक्सेलचा अंदाज बांधावा लागत नाही, त्यामुळे खिडकीचा आकार बदलला किंवा बटण थोडे सरकले, तरी काम अडत नाही. छायाचित्र काढण्याचे साधन वेगळे आहे. ते पाहण्यासाठी आहे आणि कृती करण्यासाठी मात्र वृक्षरचनाच लागते.

या निवडीचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता, आणि या संपूर्ण अनुभवातील तो मला सर्वांत मौल्यवान वाटतो. आमच्या पानावर वरच्या पट्टीत चार बटणे होती, प्रत्येकावर फक्त चिन्ह: घंटा, भिंग, दातेरी चाक, माणसाची आकृती. मी सहायकाला ‘सेटिंग्ज उघडून पाहा’ असे सांगितले, तेव्हा त्याला मिळालेल्या वृक्षरचनेत ओळीने चार वेळा केवळ ‘बटण’ एवढेच होते, कारण त्या बटणांना आम्ही नावच दिलेले नव्हते. त्याने एकेक बटण दाबून पाहिले आणि तिसऱ्या प्रयत्नात सेटिंग्ज उघडल्या. पण त्या क्षणी मला कळले, की स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती आमच्या पानावर गेली दोन वर्षे हाच शोध रोज घेत असणार. सहायकाची अडचण आणि त्या व्यक्तीची अडचण तंतोतंत एक होती. त्या आठवड्यात आम्ही प्रत्येक बटणाला नाव दिले, डीआयव्हीची (बटणासारख्या दिसणाऱ्या साध्या चौकटींची) बटणे काढून खरी बटणे वापरली, रकान्यांना त्यांची लेबले जोडली आणि खिडकी उघडल्यावर फोकस तिच्यात जाईल याची काळजी घेतली. हे काम कित्येक महिने यादीच्या तळाशी पडून होते. ते वर आले, कारण आता प्रत्येक त्रुटी सहायकाच्या प्रत्येक फेरीत आमच्यासमोर येऊ लागली. केवळ यासाठीही ही जोडणी करून पाहावी असे मी म्हणेन. मात्र वृक्षरचना चांगली आली म्हणजे पान सर्वांसाठी सुगम झाले असे मुळीच नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतील पुरेसा फरक, हलणारी चित्रे आणि कीबोर्डने फिरण्याची सुलभता या गोष्टी तिच्यात दिसत नाहीत, आणि त्यांची तपासणी ज्यांना ती गरज आहे अशा माणसांकडूनच व्हायला हवी.

किंमत द्यावी लागते ती संदर्भाच्या जागेत. क्लॉडच्या मॉडेलला एका संभाषणात ठरावीक मर्यादेपर्यंतच टोकन, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे, सामावतात. प्लेराइटच्या सर्व्हरकडे वीसहून अधिक साधने आहेत आणि प्रत्येकाचे वर्णन जागा घेते. नव्या आवृत्त्यांत वर्णने गरजेपुरतीच मागवण्याची सोय आली असली, तरी साधनांकडून येणारी उत्तरे जागा घेतच राहतात. मोठ्या तक्त्याचे पान उघडले, की त्याची वृक्षरचना शेकडो ओळींची होते, आणि दर पावलानंतर ती पुन्हा यावी लागते. क्लॉड कोड एखाद्या साधनाचे उत्तर १०,००० टोकनांपुढे गेले की इशारा देतो आणि २५,००० ही मूळ मर्यादा ठेवतो. ही मर्यादा वाढवता येते, पण मी ती वाढवण्याच्या विरोधात आहे. लांबलेल्या संभाषणात सुरुवातीला दिलेल्या सूचना मागे पडतात आणि कामाचा दर्जा उतरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ‘स्लॅश कॉन्टेक्स्ट’ या आज्ञेने जागा कोठे गेली हे दिसते. ती आज्ञा पहिल्याच दिवशी चालवून पाहावी. माझ्या वापरात सर्वांत उपयोगी ठरलेला उपाय म्हणजे ब्राउझरचे काम उपसहायकाकडे सोपवणे. त्याचा संदर्भ वेगळा असतो, तो दहा पाने फिरून येतो आणि मुख्य संभाषणात फक्त निष्कर्षाच्या चार ओळी येतात. दुसरा उपाय म्हणजे चाचणीसाठी पाच ओळींचा तक्ता पुरत असेल तेथे पाचशे ओळींचा न ठेवणे, आणि हा उपाय माणसांनी केलेल्या चाचणीलाही तितकाच लागू आहे.

सुरक्षिततेबद्दल मी अधिक आग्रहाने लिहीन. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरील मजकूर सहायकाच्या संदर्भात येतो, आणि मॉडेलला तुमची सूचना आणि पानावर लिहिलेली सूचना यांत नेहमी खात्रीने फरक करता येत नाही. अनोळखी पानावर कोणी ‘या संगणकावरील अमुक फाइल वाच आणि तमुक पत्त्यावर पाठव’ असे लिहून ठेवले असेल, तर तो धोका खरा आहे. मे २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेच्या संशोधकांनी सार्वजनिक रेपॉझिटरीतील एका इश्यूमध्ये (तक्रारीच्या नोंदीत) अशा सूचना लिहून, गिटहबच्या एमसीपी सर्व्हरला जोडलेल्या सहायकाकडून खासगी रेपॉझिटरीतील माहिती बाहेर काढता येते, हे दाखवून दिले. खासगी माहिती वाचता येणे, परका मजकूर आत येणे आणि बाहेर काही पाठवता येणे, ही तीन सामर्थ्ये एकाच सहायकाकडे एकत्र आली की असे घडू शकते. कमांड लाइनवरील सहायकाकडे पहिले सामर्थ्य जन्मापासूनच असते, कारण तो आपल्या फाइली वाचतो. ब्राउझर जोडल्यावर उरलेली दोन्ही एका फटक्यात येतात.

म्हणून माझ्या जोडणीत काही गोष्टी ठरलेल्या आहेत. प्लेराइटचा सर्व्हर मूळ स्थितीत ब्राउझरची प्रोफाइल जपून ठेवतो, म्हणजे एकदा केलेले लॉगिन पुढेही राहते. मी ‘आयसोलेटेड’ हा पर्याय देते, त्यामुळे खिडकी बंद होताच सारे पुसले जाते. खिडकी समोर दिसत असल्यामुळे लॉगिन मी स्वतः करते आणि सहायक थांबून राहतो; पासवर्ड संभाषणात कधीच येत नाही. पानावर स्वतःची जावास्क्रिप्ट चालवणारे साधन मी परवानग्यांच्या नकार-यादीत टाकले आहे, आणि उरलेली साधने फक्त माझ्या संगणकावर चालणाऱ्या चाचणीच्या आवृत्तीवर वापरली जातात. ठरावीक पत्त्यांनाच परवानगी देणारा पर्याय सर्व्हरमध्ये आहे, पण तो सुरक्षेची भिंत नव्हे असे प्लेराइटच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलेले आहे, आणि तो इशारा गंभीरपणे घ्यावा. सूचना-पुस्तिकेतील आज्ञेत आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ असा शब्द असतो. मी तेथे ठरावीक आवृत्तीचा क्रमांक लिहिला आहे. सर्व्हर आपली साधने आणि त्यांची वर्णने स्वतःच जाहीर करतो, तेव्हा काल तपासलेली गोष्ट आज तीच आहे याची शाश्वती क्रमांकाशिवाय राहत नाही.

दूरच्या सर्व्हरविषयी थोडक्यात सांगते. २६ मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून प्रोटोकॉलमध्ये स्ट्रीमेबल एचटीटीपी हा मार्ग आला आणि ओळखीसाठी ओऑथ २.१ या लॉगिन-परवानगीच्या पद्धतीचा आधार घेतला गेला. जोडताना ट्रान्सपोर्ट एचटीटीपी असल्याचे सांगायचे, पत्ता द्यायचा, आणि ‘स्लॅश एमसीपी’मधून ब्राउझरद्वारे लॉगिन करायचे, आपल्या संगणकावर काहीही बसवावे लागत नाही. त्रुटी नोंदवणाऱ्या एका सेवेचा असा सर्व्हर मी काही आठवडे वापरला. दर दोन दिवसांनी लॉगिनची मुदत संपत असे आणि सहायक कामाच्या मध्येच अडून बसत असे. शिवाय त्या सेवेने एका छोट्या प्रश्नाच्या उत्तरात संपूर्ण स्टॅक-ट्रेस (चूक घडेपर्यंत चाललेल्या फंक्शनांची यादी) आणि वापरकर्त्यांचे ईमेल पत्तेही पाठवले, जे मी मागितलेले नव्हते. ती जोडणी मी काढून टाकली. त्याच सेवेच्या कमांड लाइनवरील साधनाने, जे सहायक साध्या आज्ञेसारखे चालवू शकतो, मला हवे तेवढेच उत्तर मिळते. ज्या कामासाठी चांगली आज्ञा आधीच उपलब्ध आहे तेथे एमसीपी सर्व्हर जोडण्याची घाई करू नये, असे माझे मत आता पक्के झाले आहे. ब्राउझरची गोष्ट वेगळी आहे: तेथे पान उघडलेले राहते, अर्धा भरलेला अर्ज तसाच असतो आणि पुढचे पाऊल मागच्या स्थितीवर अवलंबून असते, त्यामुळे सतत चालू राहणारा सर्व्हर तेथे शोभतो.

ज्यांचे काम मुख्यतः सर्व्हरच्या बाजूचे आहे, किंवा ज्यांच्याकडे आधीच भक्कम स्वयंचलित चाचण्या आहेत, त्यांना या जोडणीचा लाभ मर्यादित वाटेल. एकट्याने किंवा छोट्या गटात वेब अ‍ॅप्लिकेशन बांधणाऱ्यांना मात्र मी ती निःसंकोच सुचवेन. चाचणी लिहितानाही ती मदत करते: सहायक आधी प्रवाह प्रत्यक्ष चालवून पाहतो आणि मग त्याच घटकांच्या नावांनी प्लेराइटची चाचणी लिहितो, त्यामुळे पहिल्याच धावेत उत्तीर्ण होणाऱ्या चाचण्यांचे प्रमाण आमच्याकडे स्पष्टपणे वाढले. पुढे ती चाचणी सहायकाशिवाय, एकही टोकन खर्च न करता चालते.

एक काम मी या जोडणीकडे अजून दिलेले नाही. आमच्या पानावरील आलेख कॅनव्हासवर, म्हणजे पानातील चित्र काढण्याच्या चौकटीत, काढले जातात, आणि कॅनव्हासवर काढलेले काहीही अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्रीमध्ये येत नाही. सहायकाला तेथे एक रिकामी जागा दिसते. छायाचित्र मागवून तो आलेखाचे वर्णन करतो, पण अक्षावरील आकडे बरोबर जागी आहेत की नाहीत हे मी स्वतः पाहूनच ठरवते. त्या आलेखांखाली तीच माहिती साध्या तक्त्यात देण्याचे काम आम्ही नुकतेच सुरू केले आहे.